चासीवरची पट्टी

आकाराम फौजेतून पेन्शनीत आला तेव्हा शेती करायचं त्याच्या मनात नव्हतं. कवठे महांकाळच्या पुढं डांबरी सोडून आत गेलं की त्याचं गाव. रान होतं, पण माळाचं, आणि तेही भावकीतला हंबीरराव वाट्यानं करत होता. आकारामनं सगळी नोकरी गाड्या चालवण्यात घालवली होती. लडाखच्या बाजूला बर्फात, नंतर राजस्थानच्या वाळूत. हातात चाक नसलं की त्याला बसल्या जागी करमायचं नाही.

गावात आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यानं एक गोष्ट बघितली. शेजारच्या बनुबाईच्या नवऱ्याला साप चावला. त्याला बैलगाडीत घालून डांबरीपर्यंत नेलं, तिथं एस्टीची वाट बघत बसले आणि मिरज यायच्या आतच माणूस गेला. आकाराम त्या बैलगाडीच्या मागं चालत होता. त्याच दिवशी त्यानं ठरवलं, गाडी घ्यायची. भाड्यानं चालवायची, पण आजारी माणसाला कधी नाही म्हणायचं नाही.

नवी गाडी घेणं हे काही त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि पेट्रोलच्या गाडीचा तर विचारच नको. पेट्रोलचे भाव दोन वर्षांत असे चढले होते की सांगलीतल्या बऱ्याच बागायतदारांनी गाड्या गोठ्यात लावून वर ताडपत्री टाकली होती. काही जणांनी मात्र युक्ती केली. जुन्या विलायती गाडीचं पेट्रोल इंजिन काढून तिथं डिझेल इंजिन बसवून घेतलं. गाडी धडधडायची, धूर सोडायची, पण खर्च निम्म्याहून कमी.

तशी एक गाडी विकायची आहे हे त्याला मेव्हण्यानं सांगितलं. बायकोचा, राहीबाईचा, धाकटा भाऊ, भाऊसो. त्याचं सांगलीत वेल्डिंगचं दुकान होतं. बिनलग्नाचा, हाताचा हुशार, आईला सांभाळून राहणारा.

"दाजी, तवनाप्पा अण्णांची गाडी हाय. हळदीच्या पेठेतले. मानूस सरळ. तुमी नुसती बघा तरी."

आकाराम भर दुपारी गाडी बघायला गेला. काळी, लांब नाकाची गाडी होती. आत बसायला ऐसपैस. त्यानं आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम लागलं.

"इंजिन तापलंय," तो म्हणाला. "गार असताना चालू करून बघायला पायजे हुतं."

"सकाळी पेठेत जाऊन आलो की हो," तवनाप्पा म्हणाले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आवाज मऊ. "पुन्हा येताय तर या. मला घाई न्हाई."

कवठ्याहून पुन्हा यायचं म्हणजे एक दिवस मोडणार. आकारामनं तसंच बघायला सुरुवात केली. ऑइलची पट्टी काढून बोटांत ऑइल चोळलं, पाण्याचा अंश आहे का ते पाहिलं. इंजिन चालू ठेवून ऑइल ओतायचं झाकण काढलं. तिथून धूर भसाभसा आला तर आतलं सगळं झिजलेलं असतं. धूर थोडा आला, जुन्या इंजिनाला येतो तेवढा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे नव्हते. मग तो सदरा काढून गाडीखाली उताणा गेला. खाली सगळ्या चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, काळंभोर ताजं डांबर फासलेलं होतं.

"हे कशाला रं?"

"गंज लागू नये म्हनून मीच मारलंय," भाऊसो वाकून म्हणाला. "गाडी माझ्याच दुकानात हुती. खालचं सगळं माझ्या हाताखालनं गेलंय."

आपल्या माणसाचा हात फिरलाय म्हटल्यावर आकाराम बाहेर आला. पैसे मोजताना तवनाप्पांनी एकदा विचारलं, "भाऊसोनं सगळं सांगितलंय न्हवं तुमास्नी?"

"व्हय व्हय," आकाराम म्हणाला. त्याचं लक्ष गाडीच्या चाकाकडं होतं. भाऊसो त्या वेळी रस्त्याच्या पलीकडं पान घ्यायला गेला होता.

फंडाचे नऊ हजार गेले. गाडी गावात आली तेव्हा राहीबाईनं चाकांखाली नारळ ठेवला, बनुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. हंबीरराव पुढच्या सीटवर बसून देवळापर्यंत गेला आणि चालत परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू झाली नाही.

आकारामनं इंजिन तापवायचा हीटर लावला, थांबला, पुन्हा स्टार्टर मारला. इंजिन नुसतं कण्हायचं. शेवटी चार गड्यांनी ढकलत उतारापर्यंत नेली, तेव्हा पांढऱ्या धुराचा लोट सोडत ती कशीबशी पेटली. सगळी आळी खोकायला लागली. मग रोज सकाळी हेच. गाडी उतारावर लावून ठेवायची सवय त्यानं लावून घेतली.

सांगलीत दाखवलं तेव्हा डिझेलचा पंप झिजलेला निघाला, नोझल थेंब थेंब गळत होती. पंप आणि नोझलचं काम सातशेला पडलं. मग हीटरच्या कांड्या. मग क्लच. प्रत्येक वेळी आकाराम मनाशी म्हणायचा, जुनी वस्तू घेतली की एवढं धरूनच चालावं लागतं, आता झालं सगळं. आणि गाडी काम करतही होती. मिरजेला आजारी माणसं पोचत होती. एका बाईचं बाळ तर मागच्या सीटवरच जन्माला आलं आणि दोघं सुखरूप राहिली. राहीबाई तासगावच्या बाजाराला नवऱ्याशेजारी बसून जायची. येताना बेदाणे, चोळीचा खण असं काहीबाही घेऊन यायची. लग्न झाल्यापासून नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. असं शेजारी बसून कुठं जाणं तिच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं.

डिझेल इंजिन मूळच्या इंजिनापेक्षा खूप जड आणि त्याचा हादराही मोठा. ज्या रबरांवर ते बसवलेलं असतं ती रबरं फाटली. भाऊसो स्वतः एका रविवारी नवी रबरं घेऊन गावात आला. गाडीखाली बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"काय रं, बरं न्हाई व्हय?" राहीबाईनं विचारलं.

"उनाचं झालं आसंल, आक्का."

तिनं कालवण केलं होतं. तो न जेवताच एस्टी गाठायला निघाला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी पुढचं दार नीट लागेना. गाडी रिकामी असली की लागायचं, माणसं भरली की वरच्या बाजूला घासायचं. आकारामनं बिजागरी आवळली, दाराची कड कानसीनं थोडी घासली. स्टेअरिंगही सैल वाटायला लागलं. चाक बरंच फिरवावं तेव्हा गाडी वळायची. झिजलं असेल म्हणून त्यानं तेही पुढच्या महिन्यावर टाकलं.

चैत्र सरला आणि साताऱ्याहून आवतण आलं. राहीबाईची थोरली बहीण मनुबाई तिथं दिली होती. तिच्या मुलीचं लग्न होतं. राहीबाईची आई, अंबूबाई, तेव्हा लेकीकडंच राहायला आली होती. तिला न्यायला म्हणून भाऊसो गावात आला.

"न्यायचं काय त्यात?" आकाराम म्हणाला. "आपुन समदी गाडीनंच जाऊ. तासगाव, कराड करत दुपारच्याला साताऱ्यात. मानसिंगरावांचा निरोप हाय, नवरीची पाठवणी गाडीतनं करायची म्हनून."

मानसिंगराव म्हणजे मनुबाईचा नवरा. अंबूबाई त्या वेळी बनुबाईकडं दळण निवडायला गेली होती. घरात तिघंच होती.

"एस्टीनं जाऊ, दाजी," भाऊसो म्हणाला.

"गाडी दारात आसताना?"

"लांबचा पल्ला हाय. आईचं वय झालंय. हादरं सोसायची न्हाईत तिला."

"एस्टीत काय गादी घातलीया व्हय?" राहीबाई हसून म्हणाली. "तिला मधी बसवू, उशी दिऊ पाठीला."

"आक्का, न्हाई म्हनलं न्हवं मी!" भाऊसो एकदम ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आईला त्या गाडीत बसवू नगा."

आकारामनं हातातला तंबाखू मळायचा थांबवला.

"का?" त्यानं विचारलं.

भाऊसोनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

राहीबाई उठून त्याच्यासमोर आली. "आईला नगं. आनि मी चालती व्हय रं? गेल्या गुरुवारी मी तासगावला जाऊन आली त्या गाडीतनं. बनुबाईची सून पोटुशी हाय, ती बसून गेली मिरजंला. तवा कुटं हुतास?"

आकाराम उठला. त्यानं जॅक काढला, गाडी पुढून उचलली, खाली दगडी ठोकळे लावले आणि घासलेटात भिजवलेलं फडकं आणि खरवडायला पाना घेऊन आत शिरला. डांबराचे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडत होते. डाव्या बाजूला काही नव्हतं. उजव्या बाजूला, स्टेअरिंगचा डबा जिथं चासीला बोल्टांनी बांधलेला असतो तिथं, डांबराखाली वीतभर लोखंडी पट्टी निघाली. चासीवर ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग केलेली. वेल्डिंग सुरेख होतं, एकसारखं. पण पट्टीच्या कडेपासून एक बारीक चीर सुरू होऊन थेट बोल्टाच्या भोकात गेली होती. आकारामनं गाडीची पुढची बाजू हातानं रेटली. चीर उघडली आणि मिटली.

त्याच्या डोळ्यांपुढं मिरजेच्या रस्त्यावरचे उतार येत होते, आणि मागच्या सीटवरचं ते ओलं बाळ.

बाहेर आल्यावर तो भाऊसोशेजारी जमिनीवरच बसला.

"सांग."

भाऊसो सांगायला लागला. ते जड इंजिन बसवल्यावर वर्षभरातच चासी मोडली होती. तवनाप्पांनी ती त्याच्याकडं आणली, त्यानं पट्टी मारली. "अण्णांनी मला बजावलं हुतं, घेनाऱ्याला चासीचं सांग म्हनून. त्यापायीच त्यांनी किंमत पाडून लावली. मी सांगनारच हुतो दाजी. पन तुमी गाडी बघून लय हरखला हुता. आनि मला माझ्या कामाचा भरवसा हुता. इतकी वर्सं ट्रकांच्या चासी जोडल्या, एक उलटून आली न्हाई. म्हनलं, हिला काय हुनार हाय?"

"अण्णांनी तुला काय दिलं?"

"दलाली दिली. समदी देत्यात."

"आनि चीर कवा दिसली?"

भाऊसो बोटानं जमिनीवर रेघा ओढायला लागला.

"रबरं बदलाया आला हुतास तवा," आकाराम म्हणाला. "आनि वर डांबर फासून गेलास."

भाऊसोनं मान हलवली. राहीबाई उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली आणि तिनं चूल विझवली. त्या दिवशी अंबूबाई परत आली तेव्हा लेक जावई कुणीच बोलत नव्हतं, आणि का ते तिला कुणी सांगितलं नाही.

साताऱ्याला सगळे एस्टीनं गेले. आकाराम खिडकीशी, राहीबाई आईजवळ, भाऊसो अगदी मागं. मांडवात मानसिंगरावांनी पहिलंच विचारलं, "गाडी कुठाय?"

"पंप बिघडलाय," आकाराम म्हणाला. खोटं बोलताना त्याला भाऊसो समोर दिसला आणि आकारामनंच मान खाली घातली.

नवरीची पाठवणी एका उसाच्या ट्रॅक्टरमधून झाली. मनुबाई बहिणीजवळ कुरकुरली. राहीबाईनं ऐकून घेतलं.

त्या मांडवातच शिरवळचे नाथाजी भेटले. नवऱ्या मुलाकडचे पाहुणे. शिरवळला कारखाने येत होते, साहेब लोकांची ने-आण करायला त्यांना गाडी हवी होती, आणि हवी ती डिझेलचीच. आकारामकडं तशी गाडी आहे हे कळल्यावर ते त्याच्या शेजारून हलेनात.

"इकायची आसंल तर सांगा. पंपाचं आमी बघून घिऊ."

आकाराम हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. परतीच्या एस्टीत कराडला गाडी थांबली तेव्हा भाऊसो त्याच्याजवळ येऊन बसला.

"दाजी, मी गाडी सांगलीला नेतो. चीर कापून काढतो, आतनं बाहेरनं दोन्हीकडनं जाड पट्टी मारतो. नाथाजींस्नी दिऊन टाकू. तुमचे पैसे तरी निघतील. तुमास्नी बुडवून मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

"आनि ते बुडाले तर?"

"या खेपंला टिकंल."

आकाराम चहाचा ग्लास घेऊन खिडकीबाहेर बघत राहिला. फंडाचा पैसा गेला होता. पेन्शन किती ती सगळ्यांना माहीत होती. नाथाजींचं घर त्यानं पाहिलेलं नव्हतं, त्यांची बायको-मुलं त्याच्या ओळखीची नव्हती. आणि हा विचार आपल्या मनात आला याचं त्याला वाईट वाटलं, पण विचार गेला नाही.

"बघू," तो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात भाऊसो गाडी न्यायला गावात आला. सकाळची वेळ होती. त्यानं गाडीखाली जाऊन पाहिलं आणि हात पुसत म्हणाला, "कवठ्यातनं येखादा ट्रक मिळतो का बघू? वडत न्यावी म्हनतो. चीर वाढलीया."

आकारामच्या मनात इतक्या दिवसांचा राग साठलेला होता. ज्या माणसानं चीर बघून डांबर फासलं आणि बहिणीला त्या गाडीत बसू दिलं, तो आता स्वतः बसायची वेळ आल्यावर ट्रक शोधत होता.

"आमी चालवली न्हवं ती?" तो म्हणाला. "तुजी बहीन बसली, गाव बसलं. तुला एक दिस चालवाया काय हुतंय?"

त्यानं खिशातली किल्ली काढून त्याच्या पायाशी टाकली.

भाऊसोनं बहिणीकडं बघितलं. राहीबाई दारात सूप घेऊन उभी होती. ती 'जाऊ नगंस' म्हणाली असती तर तो थांबला असता. ती काही बोलली नाही. भाऊसोनं किल्ली उचलली, गाडी उतारावर होतीच, ती ढकलून पेटवली आणि धूर सोडत गेला.

तो दिसेनासा झाल्यावर राहीबाई म्हणाली, "दुरुस्त करून कुनाला घालनार हाय ती?"

आकाराम रानाकडं निघून गेला. अर्ध्या वाटेत त्याला वाटलं, सायकल घ्यावी, डांबरीला गाठावं, थांब म्हणावं. हंबीररावाची सायकल खोपीला टेकलेलीच होती. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. मग बसून राहिला.

निरोप एस्टीच्या कंडक्टरनं आणला. मिरजेच्या अलीकडं ओढ्यावरच्या मोरीजवळ, उताराला, गाडीचं स्टेअरिंग चासीपासून तुटलं. चाक भाऊसोच्या हातात नुसतंच फिरत राहिलं. मोरीच्या कठड्यावर एक म्हातारा धनगर बसला होता, बिराप्पा नावाचा. तो उडी मारून खाली चिखलात पडला म्हणून वाचला. गाडी कठडा घासून कडुलिंबावर गेली. पुढचं जड इंजिन मागं सरकलं आणि भाऊसोचा उजवा पाय त्याच्याखाली सापडला. रस्त्यावरच्या लोकांनी पहारीनं पत्रा उचकटून त्याला काढलं आणि मिरजेला नेलं.

राहीबाई कंडक्टरचं बोलणं पुरतं ऐकायच्या आत तशीच निघाली. पायात चप्पलही नव्हती. आकाराम तिच्या मागं.

दवाखान्यात भाऊसो शुद्धीवर होता. पाय गुडघ्याच्या खालीवर दोन्हीकडं मोडला होता. डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण गुडघा पुन्हा वाकेल असं धरून चालू नका. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा भाऊसो म्हणाला, "गाडीत खोट हाय ते मला ठावं हुतं. वडत न्यायची सोडून मीच चालवत आनली. कुनाची चूक न्हाई."

आकाराम दाराशी उभा राहून ते ऐकत होता. फौजेत त्यानं जखमी माणसं गाडीत घालून आणली होती, अंगावरचं रक्त धुवून जेवायला बसला होता. इथं मात्र त्याला आत पाऊल टाकवेना.

अंबूबाईला सांगलीहून कुणीतरी घेऊन आलं. तिनं लेकाच्या कपाळावरून हात फिरवला, मग बाहेर व्हरांड्यात येऊन जावयाजवळ बसली.

"जावई, मला एक कळत न्हाई. तुमची गाडी त्यानं कशापायी नेली?"

राहीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तिला वाटलं, पंप बिघडला होता म्हणून सांगतील. आईला तेवढं पुरलं असतं.

"मामी, गाडीची चासी मोडलीती," आकाराम म्हणाला. "त्याला ठावं हुतं आनि मला बी. तो ट्रकानं वडत नेतो म्हनत हुता. मीच किल्ली टाकली त्याच्या म्होरं. रागानं. त्यानं आमास्नी आधी सांगितलं न्हवतं त्याचा राग."

"आनि म्या बी आडवलं न्हाई," राहीबाई म्हणाली. "दारात हुभी हुती की मी."

अंबूबाई रडली नाही. पदर सावरत म्हणाली, "त्याला आता उठवून बसवायला, न्हानीला न्यायला दोन गडी लागत्याल. मी म्हातारी. त्याला तुमच्याच घरी न्या. उचला आता."

ती उठून आत गेली. त्यानंतर वर्षभर ती जावयाशी कामापुरतं सोडून बोलली नाही.

भाऊसोला गावात आणलं. बाहेरच्या सोप्यात त्याची बाज टाकली. सकाळी आकाराम त्याला काखेत धरून न्हाणीपर्यंत नेई, परत आणी. पहिले कित्येक दिवस दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत नसत. राहीबाई भाकरी पुढं ठेवायची आणि आत जायची. मोडकी गाडीही एका ट्रकानं ओढत आणून आकारामनं गोठ्याशेजारी लावली होती, आणि बाजेवरून ती भाऊसोला दिसायची. आकारामनं तिच्यावर ताडपत्री टाकली. वाऱ्यानं ती उडाली, आणि पुन्हा कुणी टाकली नाही.

पाऊस उघडता उघडता एक दिवस शिरवळचे नाथाजी आले. अपघाताचं त्यांच्या कानावर होतं.

"झाडाला ठोकली म्हनं," ते गाडीभोवती फिरत म्हणाले. "ठोकलेली गाडी सुदीक चालंल. पत्रा आमी काढून घिऊ. पंप तर नवा केलाय म्हनं तुमी. बोला किती?"

आकाराम त्यांना पुढच्या बाजूला घेऊन गेला. "खाली वाका," तो म्हणाला. "ही पट्टी बघा. ही आधीची. आनि हितनं चासी तुटलीया. ठोकल्यानं न्हाई, तुटली म्हनून ठोकली. मला गाडी इकताना ही डांबराखाली हुती."

नाथाजी वाकून बघत राहिले. "जोडता येत न्हाई?"

"जोडता ईल," सोप्यातून आवाज आला. भाऊसो बाजेवर कोपर टेकून उठायला बघत होता. "मी जोडून दिली तर तुमास्नी दिसायची बी न्हाई. पन घिऊ नगा. इंजिन जड हाय, ह्या चासीचं न्हवं ते. आज न्हाई, उद्या तुटंल, आनि तवा तुमची मानसं आत आसतील. पंप चांगला हाय, नोझल चांगली हायती. गिअरबॉक्सचा दुसरा गिअर निसटतो. इंजिन तेवढं काढून कुनाला हिरीवर बसवायला द्या. बाकी भंगार हाय समदं."

नाथाजींनी पाय ताठ पसरून बसलेल्या त्या माणसाकडं पाहिलं, मग आकारामकडं. चहा घेतला आणि निघून गेले. जाताना म्हणाले, "मांडवात सांगितलं आसतं तर बरं झालं आसतं."

इंजिन हंबीररावाच्या ओळखीच्या एकानं विहिरीवर बसवायला नेलं. बाकीची गाडी कापून भंगारात गेली. जे आलं ते दवाखान्यालाही पुरलं नाही. आकाराम तासगावला एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडं ट्रकवर लागला. ट्रक हातात घ्यायच्या आधी तो रोज खाली उताणा जातो आणि चासीवर बोट फिरवत मागपर्यंत सरकतो, हे बघून हमाल हसायचे. गावातल्या आजारी माणसाला पुन्हा बैलगाडीच राहिली. बनुबाईच्या सुनेचे दिवस भरले तेव्हा तिला बैलगाडीतनंच नेलं. ती वाचली, मूल नाही. त्या दिवशी आकाराम ट्रक घेऊन साताऱ्याकडं गेला होता.

भाऊसो काठीवर चालायला लागला. गुडघा वाकत नव्हता, पण उंच स्टुलावर बसून वेल्डिंग करता येईल असं तो म्हणायचा. सांगलीला परत जायच्या आदल्या दिवशी राहीबाई त्याला जेवायला वाढत होती.

"आक्का," तो म्हणाला, "माझ्यावर राग हाय न्हवं अजून?"

ती परातीत पीठ मळत होती. हात थांबले नाहीत.

"हाय," ती म्हणाली. "लय हाय. आनि दारात हुभी ऱ्हायली त्याचा माझ्यावर बी हाय. कवा जातोय ते मला ठावं न्हाई." तिनं भाकरी थापून तव्यावर टाकली. "तू जेव. सकाळची एस्टी हाय."

सकाळी आकारामनं त्याला डांबरीपर्यंत बैलगाडीत नेलं. एस्टी आल्यावर काखेत हात घालून वर चढवलं, पुढच्या सीटवर ताठ पाय ठेवायला जागा करून दिली आणि काठी शेजारी टेकवली. भाऊसोनं त्याचा हात क्षणभर धरून ठेवला.

"दुकानात या, दाजी."

"यीन," आकाराम म्हणाला आणि खाली उतरला.

तो त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षी, ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा मोडला तेव्हा, गेला.